सुधाची निळी साडी

डहाणू, मंगळवार, संध्याकाळ

सुधाच्या बचत गटाला अखेर सरकारी योजनेतून सोलर ड्रायर मिळाला. बातमी मीच पाठवली. ‘सौर शुष्कक’ लिहायचा मोह आवरला, नाहीतर संपादकाने मलाच वाळत घातलं असतं.

माझी सुधा वारली, त्यानंतरही गटाच्या बायका आमच्याच गच्चीवर, तिच्याच निळ्या साडीवर चिकूच्या चकत्या वाळवत होत्या. धूळ बसते म्हणून व्यापारी माल परत पाठवायचा. म्हणजे ड्रायर हवाच होता. मग मला का नको होता?

आज गटातल्या मंगलताई साडी परत घेऊन आल्या. “भाऊ, हिचं काम संपलं. वहिनींची आहे, तुमच्याकडेच राहू दे.”

“मी नेसू की काय?”

“नेसा की! निळा खुलेल तुम्हाला.” जाताना मात्र साडीवरून एकदा हात फिरवला त्यांनी.

साडीला अजून चिकूचा वास आहे. हंगाम संपला की सुधा ती धुवायची आणि घडी घालताना मला एक टोक धरायला लावायची. “ताठ धरा हो, श्लोक म्हणत उभे राहू नका!”

मघाशी घडी घालायला घेतली. माझं टोक अगदी ताठ धरलं. आणि तसाच उभा राहिलो.