जॅग्वार, पोर्श आणि ठोकलेला नंबर

मी, पोपट लिंबाजी सोनकांबळे, वय ६९, मोटार मेकॅनिक, राहणार करंजाडे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यामागे काय कुणाचं, ते कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो.

१. करंजाड्याचा फ्लॅट पत्नी चांगुणाबाई हिचा. तिच्या हयातीत तो कुणी विकायला काढू नये.

२. १९७३ ची पोर्श ९११ मुलगी पायल हिला. ही आणि १९६२ ची जॅग्वार ई-टाइप, दोन्ही मी व गाड्यांच्या शोरूमचे मालक अरविंद गुप्ते यांनी एका बंद कारखान्यातून भंगार म्हणून उचलल्या. कागदावर जॅग्वार त्यांची, पोर्श माझी. उभ्या दोन्ही मी केल्या, अकरा वर्षं लागली. भारी कुठली, असं लोक विचारतात. सरळ रस्त्यावर जॅग्वार पुढे जाते, पण वाशीच्या खाडीपुलावर गर्दीत अडकली की उकळते आणि तिचे ब्रेक भरवशाचे नाहीत. पोर्शला पाणी लागतच नाही, हवेवर थंड होते. वळणावर ती जॅग्वारला मागे टाकते. फक्त वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर मागची बाजू फिरते. संग्राहकांना मात्र जॅग्वारच हवी, तिच्या रूपासाठी. त्यातून इंजिन मूळचंच असेल तर किंमत विचारू नका.

३. सगळी हत्यारं पायलला, ती माझ्याबरोबर पावणे गावच्या गाळ्यात काम करते. मुलगा अंकुश याने त्यांना कधी हात लावला नाही. तो अरविंदरावांच्या शोरूममध्ये टाय लावून बसतो. प्रदर्शनात जॅग्वारला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा अरविंदराव स्टेजवरून म्हणाले, "ही मी माझ्या हातांनी उभी केली." मी समोरच होतो. अंकुशने टाळ्या वाजवल्या.

४. जॅग्वारच्या मूळ इंजिनच्या ब्लॉकला तडा होता, म्हणून मी दुसऱ्या गाडीचा बसवला. अरविंदराव म्हणाले, "पोपट, जुना इंजिन नंबर यावर ठोक. अंकुशला मी शोरूममध्ये घेतो." मी आकडा न् आकडा ठोकला. गेल्या महिन्यात कोल्हापूरचे संग्राहक उदयसिंह यांनी ती गाडी मूळ इंजिनची समजून अरविंदरावांकडून विकत घेतली. खरा ब्लॉक माझ्याकडे आहे. तो माझ्या मृत्यूनंतर या कागदाच्या प्रतीसह त्यांना द्यावा.

इथवरचं परवा पायलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आत्ताच का नाही देत?"

"अंकुशची नोकरी जाईल."

"तुम्ही गेल्यावर नाही जाणार?"

"तेव्हा मला बघावं लागणार नाही."

"मला लागेल," ती म्हणाली.

म्हणून कलम ४ रद्द. काल भाड्याच्या टेम्पोने ब्लॉक कोल्हापूरला गेला, सोबत माझ्या सहीची चिठ्ठी. अंकुशला मीच फोन केला. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "सरांना कळलं का?"

५. पावण्याचा गाळा पायलच्या नावे करणार होतो. तो आता अंकुशला. त्याला काम लागेल. पायलला तिथून उठवता येणार नाही, आणि शिकायचं असेल तर तिच्याकडूनच शिकावं.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

पोपट लिंबाजी सोनकांबळे

साक्षीदार:
१. भैरू तुकाराम मढवी, लेथ कारागीर, पावणे
२. मालतीबाई ठोंबरे, खाणावळ, पावणे

पावणे, नवी मुंबई
दि. १६ नोव्हेंबर २०२५