दोन अंश जास्त

ता. ३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अखेर आमच्या विभागात कायम जागेची जाहिरात निघाली! नऊ वर्षं दर अकरा महिन्यांनी नवी नेमणूक, हे एकदाचं संपेल. तीन छापील शोधनिबंध हवेत. माझे बरोब्बर तीन आहेत.

आणि परवा माशी शिंकली. बियाणं उगवायच्या पेटीत नवा तापमापक लावला, तर पेटी दाखवते त्याहून दोन अंश जास्त तापते. म्हणजे याच पेटीवर केलेल्या तिसऱ्या निबंधातले तापमानाचे सगळे आकडे चुकीचे. अजून कुणालाच ठाऊक नाही. निबंध मागे घेतला तर उरतात दोन, आणि अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत. आत्या, काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
पिटुकली

ता. ८ जानेवारी

चि. पिटुकलीस अनेक आशीर्वाद.

अगं, तुला अवदसा आठवली की काय? दोन अंश! एवढा ताप तर मला तुझं पत्र वाचूनच चढला. तोंडाला कुलूप घाल, अर्ज भर, नेमणुकीचं पत्र हातात पडू दे, मग काय ते हरिश्चंद्र व्हायचं ते हो. तुझ्या आईचंही हेच म्हणणं. ती म्हणते, पोरीचे केस पिकायला लागले, आता तरी शहाणी हो म्हणावं. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, बाई. खरं बोलणाऱ्याला शाबासकी मिळते, नोकरी दुसऱ्यालाच.

रागावले आहे, ती मायाच समज.
आत्या

ता. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागाव, पण आधी ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी निबंध मागे घेतला. आणखी एक दिवस थांबले असते तर तुझं ऐकलं असतं. मग अर्जात दोनच निबंध दाखवले आणि तो दिला. कारकून म्हणाले, बाई, हा छाननीत उडणार. म्हटलं, उडू दे, तुम्ही पोच द्या. उडालाच. घरी येऊन पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी पेटी दुरुस्त करून घेतली आणि पेरणी पहिल्यापासून सुरू केली. पुढची जाहिरात निघेल तेव्हा माझे तीन निबंध तयार असतील, आणि तिन्ही खरे.

काल एका अनोळखी मुलीचं पत्र आलं. दुसऱ्या विद्यापीठात ती माझ्या निबंधातल्या तापमानावर तेच बियाणं तीन वर्षं पेरत होती. एकदाही उगवलं नाही. तिचे मार्गदर्शक म्हणाले, तुझ्या हातालाच गुण नाही. संशोधन सोडायचा अर्ज तिने लिहून ठेवला होता. निबंध मागे घेताना मी पेटीची चूक छापून कबूल केली होती, ती तिने वाचली आणि दोन अंश वाढवून पाहिले. अकराव्या दिवशी कोंब आले. तो अर्ज तिने फाडून टाकला.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
पिटुकली

ता. ३ मार्च

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवायला घेतलं, पण शेवटी मलाच पुढे वाचवेना. तू माझं ऐकलं असतंस तर ती पोर घरी बसली असती, आणि आपल्याला कधी कळलंही नसतं. माझं चुकलं. एकतीस वर्षं शिकवलेल्या मास्तरणीला हे लिहायला किती जड जातं, ते तुला ठाऊक आहे.

तुझीच,
आत्या