शहनाझचा शटडाउन

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६.१५

कंपनीने जानेवारीत दिलेली डायरी आजपासून वापरायला काढली. कारण : शहनाझच्या पोटात सिस्ट निघाली. डाव्या अंडाशयात, नऊ सेंटिमीटर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय एकसष्ट आहे, तर दोन्ही अंडाशयं काढलेली बरी. १८ तारखेला दुबईत ऑपरेशन, दुर्बिणीतून. काढलेलं सगळं तपासणीला जाणार, कारण रक्तातला एक आकडा थोडा वर आहे.

मला काळजी नाही. फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर मी एकतीस वर्षं शटडाउन प्लॅनर आहे. टाकी बंद करा, रिकामी करा, तपासा, परत चालू करा. द्रव भरलेल्या वस्तूचं काय करायचं ते मला कुणी शिकवायला नको. डॉक्टरांना मी तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली आणि पुढचं सगळं शहनाझला सांगितलं.

तीन ठराव केले. शांत राहायचं. स्वयंपाक शिकायचा. बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

प्लॅन तयार. एकोणचाळीस दिवस, दोन रंग. शहनाझचं काम निळं, माझं लाल. लाल पुष्कळ आहे. फ्रिजवर लावला. संध्याकाळी बघितलं तर त्यावर कोथिंबीर-लसूण-टिश्यूची यादी चिकटवलेली. विचारलं तर म्हणाली, एमानचे अब्बा (मुलीच्या नावानेच हाक मारते), फ्रिजवर तेवढीच जागा उरली होती.

७ सप्टेंबर, रविवार

डाळ केली. एकट्याने. शहनाझने खाल्ली आणि म्हणाली की मीठ राहिलं. घातलं. मग तिने दही घेतलं. स्वयंपाकात विशेष काही नसतं हे लक्षात आलं. लोक उगाच मोठं करून सांगतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

बातमी फक्त खैरुद्दीनला सांगितली, कारण रजेच्या अर्जावर त्याची सही लागते. खेडचाच माणूस, वीस वर्षांचा दोस्त. कॉन्फिडेन्शियल, असं दोनदा बजावलं. तो म्हणाला, इन्शाल्ला सब ठीक होगा, भाभीला दुआ सांग. त्याचा चेहरा बघून वाटलं, तो फार घाबरला. मी त्याला धीर दिला.

१३ सप्टेंबर, शनिवार

मेहुणी उमैमा रास अल खैमाहून बॅग घेऊन आली. ती नवऱ्याला आणि शाळेतल्या नोकरीला तीन आठवडे सांगून आली आहे. प्लॅनमध्ये तिचा रंग नव्हता. हिरवा दिला. दिवसभर बहिणी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो की कांद्याचा विषय.

१५ सप्टेंबर, सोमवार

सहीचा सराव केला. ऑपरेशनच्या संमतीवर नवऱ्याची सही लागणार. माझी सही टर्मिनलच्या परमिटांवर करून करून फराट्यासारखी झाली आहे, अशा कागदावर ती बरी दिसत नाही. नवं पेन घेतलं. शर्टाला इस्त्री करून ठेवली.

उपवासाचंही ठरवलं. शहनाझला आदल्या रात्री बारापासून पाणीसुद्धा नाही. मग मीही नाही. पन्नास वर्षं रोजे करतो आहे, मला जड जाणार नाही. एमान फोनवर म्हणाली, अब्बा, यू आर डायबेटिक, प्लीज डोंट. पोरांना साथ देणं म्हणजे काय ते कळत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुबई, अल बर्शा, एमानच्या घरी. संध्याकाळी ५.३०

ऑपरेशन झालं. वेळेवर सुरू, वेळेवर संपलं. प्लॅन बरोबर होता.

किरकोळ अडचणी नोंदवतो. संमतीचा कागद आला, मी पेन काढलं. नर्स म्हणाली, अंकल, पेशंट खुद साइन करती है. शहनाझने माझंच पेन घेऊन सही केली. चांगलं चालतं म्हणाली.

नंतर तिला आत नेलं. दार बंद होताना ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला अंगठा दाखवला. त्यानंतरचं नीट आठवत नाही. उपवास पाळला होता, पण डायबेटिसची गोळी सवयीने घेतली होती. एमान म्हणते, मी उभा होतो आणि मग नव्हतो. मला त्याच मजल्यावर खाट मिळाली. हाताला सलाइन, तोंडात संत्र्याचा ज्यूस. नर्सने माझ्या मनगटावरही पट्टा बांधला.

त्यामुळे सर्जन बाहेर येऊन बोलल्या तेव्हा मी हजर नव्हतो. एमानने ऐकलं. गाठ न फुटता निघाली, बाकी रिपोर्ट आल्यावर. शहनाझने डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं, ते मी एमानकडून काढून घेतलं. एमानचे अब्बा जेवले का, हे. भूल उतरताना माणूस काहीही बोलतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी

शहनाझ म्हणाली खांदा दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा दुखतो. मी वाचलेलं आहे, हार्टमध्ये खांदा दुखतो. पलंगावरचं लाल बटण दाबलं. चार जण ट्रॉली घेऊन धावत आले. नर्सने समजावलं की दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, तो राहिला की खांद्यात कळ येते, चाललं की जाते. गॅस म्हटल्यावर माझा विषय. व्हेंटिंगबद्दल, म्हणजे गॅस बाहेर सोडण्याबद्दल, दोन प्रश्न विचारले. मला बाहेर कॉरिडॉरमध्ये बसायला सांगितलं. थोड्या वेळाने शहनाझच कॉरिडॉरमध्ये चालत आली, उमैमाचा हात धरून. माझ्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला म्हणाली, पाय लांब करून बसा, सुजतील.

२० सप्टेंबर, शनिवार. फुजैरा

घरी आणलं. मी स्वतः चालवत. टाके हलू नयेत म्हणून साठच्या स्पीडने, हॅझर्ड लाइट लावून. मागून ट्रकसुद्धा हॉर्न देत होते. डोंगरापाशी पोलिसाने थांबवलं. पेशंट आहे, मी म्हटलं. त्याने आत वाकून आम्हा दोघांकडे बघितलं आणि शहनाझला विचारलं की तुमच्याकडे लायसन्स आहे का. हे त्याने का विचारलं कळलं नाही. दीड तासाच्या रस्त्याला अडीच तास लागले. एकही झटका बसला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

मोठा निर्णय. डॉक्टरांनी सहा आठवडे ओझं उचलायचं नाही सांगितलं आहे, आणि शहनाझ आज सकाळीच ओट्यापाशी सापडली. भांडं फक्त सरकवत होते, म्हणे. हे असंच सुरू होतं.

टर्मिनलवर पंप दुरुस्तीला घेतला की त्याच्या स्विचला लाल कुलूप लावतात. कुणी चुकून चालू करू नये म्हणून. किल्ली ज्याने कुलूप लावलं त्याच्याच खिशात, दुसऱ्या कुणाकडे नाही, मग तो मॅनेजर का असेना. त्याच पद्धतीने गॅस सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर कुलूप लावलं. केटल, मिक्सर आणि इस्त्रीच्या प्लगलाही प्लास्टिकच्या डब्या बसवून कुलपं. चार कुलपं, चार टॅग, माझ्या नावाचे. स्वयंपाकाच्या वेळेला मी उघडून देणार.

उमैमा बराच वेळ सिलेंडरकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, दुल्हेभाई, तुम्ही थकलात, जरा पडा.

२४ सप्टेंबर, बुधवार

सगळं सुरळीत. सकाळी सहाला कुलूप उघडतो, सातला बंद. उमैमा तेवढ्यात तिन्ही वेळचं करून ठेवते. शहनाझ रोज बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये वीस मिनिटं चालते. मीही बरोबर निघालो होतो, पण गुडघा धरला. रिपोर्टची वाट आहे. काळजी नाही. आकडा थोडाच वर होता. किती थोडा ते मी फोनवर चौदा वेबसाइटवर बघितलं. चौदाही वेगळं सांगतात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७

बातमी फुटली. कुठून, देव जाणे. जुम्म्याच्या नमाजानंतर फुजैरा, खोरफक्कान, दिब्बा, सगळीकडची कोकणी मंडळी एकदम आली. आजाऱ्याला भेटायला आपल्याकडे कुणी एकटं येत नाही आणि रिकाम्या हाताने येत नाही. बावीस माणसं, सहा पातेली. खैरुद्दीन सगळ्यांच्या पुढे, फळांची टोपली घेऊन.

मी नव्हतो. दीडला टर्मिनलवरून फोन आला, पंप ट्रिप होऊन बंद पडला होता. गेटवर फोन जमा करावा लागतो. किल्ल्या खिशात.

घरी काय झालं ते नंतर कळलं. सहा पातेली थंड, गॅसला कुलूप, केटलला कुलूप. बावीस माणसं बैठकीत, आणि चहा नाही. कुणीतरी सुरी घेऊन कुलूप उचकायला बघत होता, पण ते टर्मिनलचं कुलूप आहे, सुरीला दाद देणार नाही. मला त्याचा अभिमान वाटला. शेवटी उमैमाने खालच्या कॅफेटेरियातून बावीस करक चहा मागवले.

लोकांनी विचारलं की हे कुलूप कसलं. शहनाझने सगळ्यांदेखत सांगितलं म्हणे, की ती त्यांची काळजी आहे, बोलता येत नाही म्हणून कुलूप लावतात. हे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. ते ऊर्जेचा पुरवठा तोडण्यासाठी असतं.

पण खैरुद्दीन जाताना मला लिफ्टपाशी भेटला आणि माझा हात फार वेळ धरून उभा राहिला. यल्ला, चला आता, असं म्हणून सुटका करून घेतली.

२७ सप्टेंबर, शनिवार

हॉस्पिटलला फोन केला. रिपोर्ट सोमवारी काउंटरवर मिळेल. फॉलो-अप गुरुवारी आहे, पण तोपर्यंत थांबणार नाही. मी सोमवारी एकटा जाऊन आणणार, आधी स्वतः वाचणार, मग जे असेल ते शहनाझला नीट शब्दांत सांगणार. शब्द तयार केले. दोन प्रकारचे.

जेवताना उमैमाने अचानक विचारलं की दुल्हेभाई, रिपोर्टची भीती वाटते का. शहनाझही जेवायची थांबली. मी मोठ्या आवाजात सांगितलं की अजिबात नाही, एक टक्काही नाही. उमैमाने बहिणीकडे बघितलं. शहनाझ म्हणाली, बरं, भात घ्या.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी

दुसऱ्या प्रकारचे शब्द पाठ होत नाहीत.

मला भीती वाटते. एकतीस वर्षांत मी कधी टाकी उघडायला घाबरलो नाही. शहनाझ एकोणीस वर्षांची होती तेव्हा आमचं लग्न झालं, मी तीन महिन्यांत जहाजावर गेलो आणि ती सहा वर्षं सासरी एकटी राहिली. तेव्हा कुणी तिचा प्लॅन केला नव्हता. तिला काही झालं तर मी या घरात काय करू.

हे खोडणार होतो. पेन ते नवं आहे, शाई पुसत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ३

सकाळी साडेनऊला पाकीट मिळालं. पार्किंगमध्ये गाडीत बसलो. पन्नास मिनिटं बसलो. पाकीट फक्त चिकटवलेलं होतं, कुलूप नव्हतं, तरी उघडेना. पार्किंगवाला दोनदा येऊन गेला. शेवटी ते शेजारच्या सीटवर ठेवलं आणि तसंच फुजैराला आणलं. सव्वाशे किलोमीटर. पुन्हा साठच्या स्पीडने.

घरी शहनाझ सोफ्यावर बसून मटार सोलत होती. पाकीट तिच्या हातात दिलं. तयार केलेल्या शब्दांपैकी एकही आठवला नाही. तिने पाकीट न उघडता बाजूला ठेवलं आणि म्हणाली, साधी गाठ होती. काही नाही त्यात. खलास.

मी म्हटलं, न उघडता कसं कळलं. तर म्हणाली, शनिवारी दुपारीच रिपोर्ट तिच्या फोनवर आला होता. उमैमाला माहीत. एमानला माहीत.

दोन दिवस. मी विचारलं की मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगणारच होते, म्हणून तर उमैमाला विचारायला लावलं. तुम्ही म्हणालात एक टक्काही भीती नाही. म्हटलं, मग घाई काय आहे. सोमवारी जाऊन आणतायत तर आणू देत, शर्टाला इस्त्री पण केलीय.

मग मी रडलो. लिहिताना लाज वाटते, पण चांगला मोठ्याने रडलो, हमसून. उमैमाने शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाल्कनीचं दार लावलं. शहनाझने पोटाशी उशी धरली. म्हणाली, हसवू नका हो, टाके ओढतात. आणि हसली. मग तीही रडली. मटार सगळीकडे.

३० सप्टेंबर, मंगळवार

कुलपं काढली. चारही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. रात्री ८

फॉलो-अप झाला. गाडी शहनाझच्या सांगण्यावरून शंभरच्या स्पीडने नेली. डॉक्टरीणबाई खूश. जखमा कोरड्या, सगळं उत्तम. त्यांनी फॉर्म भरताना विचारलं की घरी तुमचं कोण बघत होतं, काही अडचण आली का.

महिनाभर मी या प्रश्नाची वाट बघत होतो. प्लॅनची घडी माझ्या खिशात होती, तिन्ही रंगांची. मी घसा साफ केला.

त्याआधीच शहनाझ म्हणाली, काही अडचण नाही. यांनी सगळं केलं. एकट्यांनी.

ती थट्टेत म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पण तिचा चेहरा सरळ होता. डॉक्टर माझ्याकडे बघून हसल्या, व्हेरी गुड अंकल म्हणाल्या आणि फॉर्मवर माझं नाव लिहिलं. स्पेलिंग बरोबर लिहिलं.

मला खाली बघावं लागलं. दुरुस्ती सुचवली नाही.