गळक्या नळाची जावयाकडची बाजू

मु. कडाव

ती. मामांच्या चरणी मालोजीचा साष्टांग दंडवत.

आपली तब्येत, मामींचे गुडघे आणि गाभण म्हैस, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. मीही ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (खिचडी कुकरच्या तळाला धरली ती धरली, आता कुकरच सोडेना.) फोन केला तर छाया उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते, म्हणून हे पत्र दुधाच्या टेंपोवाल्या नवशाबरोबर धाडतोय. आपली लेक रागावून पोशीरला का आली, ते तिच्या तोंडून आपण ऐकलंच असेल. त्यातले हातवारे वगळून जे उरेल ते थोडंफार खरं धरावं, आणि आता जावयाचंही ऐकावं.

आमच्या ओट्यावरचा नळ भिंतीत जिथे पिळून बसवतात तिथून गळत होता. छाया म्हणाली प्लंबर बोलवू. मामा, मी खालापूरच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि माझ्या घरी नळाला प्लंबर? मी बाजारातून नवा नळ आणि ती पांढरी टेप आणली, आणि नळाच्या आट्यांवर ऐटीत गुंडाळायला घेतली. भाकरी थापता थापता छाया म्हणाली, "अवो, उलटी गुंडाळताय. आमी वडाला सूत गुंडाळतो ना, तशी फिरवा. नायतर पिळताना सुटंल." आता वटपौर्णिमा बायकांची, तिच्यातून पुरुषाने नळ बसवायला शिकायचं? मी म्हटलं, तू वड सांभाळ, नळ माझ्याकडे लागला. (हे मी हसत म्हटलं होतं. ती तसं सांगणार नाही.)

नळ पिळला तशी टेप गोळा होऊन शेवयांसारखी बाहेर आली. मग मी दुप्पट टेप गुंडाळली, तर नळ आतच जाईना. मग जुन्या लोकांसारखी सुतळी गुंडाळून वर सफेद्याचा लेप लावला. तो मात्र मस्त घट्ट बसला, फक्त नळाचं तोंड छताकडे झालं. आता तोंड वर असलेल्या नळाखाली हंडा कसा धरायचा? म्हणून मी नळ जरासा उलटा फिरवून तोंड खाली आणलं. मामा, एकदा आवळलेला सांधा मागे फिरवायचा नसतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. (छाया सांगत होती, पण ती ओरडून सांगत होती.) पाण्याची धार सुटली ती थेट गिरणीतून नुकत्याच आणलेल्या तांदळाच्या पिठाच्या डब्यात. छायाने हात धुतले. पिशवी भरली आणि दारात म्हणाली, "नळ गळायचा थांबला की बोलवा. आन् भाकरी तुमची तुमी थापा."

तर कळवण्यास आनंद होतो की नळ आता थेंबभरही गळत नाही. तो कसा बसवला हा तपशील महत्त्वाचा नाही. तरी छायाला परत पाठवण्याची कृपा करावी. घर खायला उठतं, मामा. मामींना नमस्कार सांगावा.

आपला नम्र जावई,
मालोजी

ता. क. तपशील अंबाबाई सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगतो. शेजारच्या या अंबाबाईंना आमच्या खिडकीतून सगळं दिसतं. वडाला सूत कुठल्या बाजूने फिरवतात ते हाताला उमगेना, म्हणून मी मापाच्या शेरात तांदूळ भरले, त्यात नळ आटे वर करून रोवला, शेर स्टुलावर ठेवला आणि टेप धरून स्वतःच प्रदक्षिणा घातल्या. खिडकीतून आवाज आला, "मालोजी, ही पूजा बाया करत्यात रं!" आता सगळं कडाव मला सावित्री म्हणतंय. छायाला हे सांगू नये.

दुसरा ता. क. सांगावं. ती हसली की राग जातो. अंबाबाईंनी पुढे हेही विचारलं, "मंग साती जन्म हीच मागितलीस का रं?" मी म्हटलं, बाकीच्या जन्मांचं मागाहून बघू, या जन्मातली पोशीरला जाऊन बसलीय, ती आधी घरी येऊ दे. नवशाचा टेंपो संध्याकाळी रिकामाच परततो. पुढची सीट मी सांगून ठेवली आहे.