घोड्याला नाल ठोकायला नेलंय

कुमुद,

तू देवळातून यायच्या आत निघतोय. तोंडाने सांगायची हिंमत नाही.

मिस्त्रीने काल जीपचा गिअरबॉक्स उघडून दाखवला. आत एक दात धड नाही. म्हणाला, "डामर की सड़क पे चारों पहिये जोड़ के कौन चलाता है, भिया?" डांबरावरही चारही चाकांना इंजिनाचा जोर लावून मी का चालवतो, काय सांगू त्याला? सरकारी पागेत उमर घालवलेले आपले नाना म्हणतात, चार घोडे असताना दोनच जुंपायला आपण काय टांगेवाले आहोत?

लढाईतली गाडी, तसला गिअरबॉक्स महूच्या भंगारातही मिळाला नाही. आज जीपच भंगारात देऊन येतो. मानपूरच्या सवाऱ्या बंद. पुढे घर कसं चालवायचं, मला विचारू नकोस.

नाना रोजच्यासारखे फडकं घेऊन खरारा करायला अंगणात येतील. जीप दिसली नाही की विचारतील. सांग, घोड्याला नाल ठोकायला नेलंय. हसतील, फडकं झटकून आत जातील.

पाय मोडलाय, असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. पाय मोडलेल्या घोड्याला पागेत गोळी घालत, आणि ते काम नानांकडेच असायचं.

रघुवीर