न उतरणारी बॅटरी

रविवार, संध्याकाळ. तुंगार्ली.

टॅबची बॅटरी उतरतच नाही, असं मी ऑफिसात सांगत सुटले होते. रविवारी औंढ्याला आईकडे गेले की त्यावर माझं ऑफिसचं काम, एरवी तिथं तिला एकटीला मालिका. मध्यम किमतीचा एकच टॅब, दोघींची सोय. चार्ज करून ठेवावा, तर पुढच्या रविवारी बॅटरी तेवढीच!

आज आईनं तो माझ्यासमोर कपाटातून काढला. ठेवणीतल्या साडीत गुंडाळलेला.

"अगं, तू बघतच नाहीस?"

"तुजं हापिसाचं काम हाय त्यात. माज्या हातनं पुसलं मंजी?"

आणि फोनवर रोज, "व्हय, बगते की, लय झ्याक दिसतं."

बॅटरी म्हणे!

मग संध्याकाळभर ती काय करते? विचारायचं धाडस झालं नाही. निघताना माझं सगळं काम त्यातून काढून टाकलं, तिला तसं सांगितलंही.

"बरं बाई," म्हणाली, आणि टॅब पुन्हा साडीत गुंडाळला.