माझ्या नावाच्या गोळ्या

सुहास,

तू देवळातून येशील तेव्हा मी घरी नसेन. धंतोलीला डॉक्टरांकडे तुझा नंबर लावायला जातो आहे. आपला अनिश अकराला गाडी घेऊन येईल, त्याच्यासोबत ये.

माझ्या गुडघ्याच्या गोळ्या सोबत नेल्या आहेत, शोधू नकोस. मेडिकलमधून दुखण्याची दुसरी गोळीही आणू नकोस. बीपीची मात्र रोजची घे. आज चतुर्थी सोड, पोटभर जेव.

सकाळी चिन्मयीला इंग्रजी वाचायला हाताशी डॉक्टरांचा कागदच मिळाला. माझं नाव, वय, पुढे ‘Male’ वाचून झालं आणि ती म्हणाली, “मेल म्हणजे माणूस न, आजोबा? मंग आजी ह्या गोळ्या काहून खाऊन राहिली?” मी डॉक्टरांना फोन केला. तुला बीपी आहे, पाय सुजलेत, उपासालाही गोळी घेतेस, हे ऐकून ते म्हणाले, आजच आणा, किडनीसाठी रक्त तपासू.

संडासला काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर अनिशसाठी थांबू नकोस. शेजारच्या गोपिकाला घेऊन जवळच्या दवाखान्यात जा आणि मला फोन कर.

“तुमचा गुडघा तोच माझा गुडघा, द्या ना एक,” असं तू म्हणालीस आणि मी दिली. तीन आठवडे देत राहिलो. डॉक्टरांसमोर “दोन-चारदा घेतली” म्हणू नकोस. कोणी दिल्या विचारतील, तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. माझं नाव सांग.

मार्तंड